विकासाचे श्रेय घ्यायचे असेल, तर दीनदयाळ योजनेची मर्यादा त्या विकासाशी बांधा

कुर्टीचा शिक्षक (फोंडा)

गेल्या रविवारी आमच्या देवळाच्या सभामंडपात बैठक आटोपल्यावर दोन विषय एकदमच निघाले आणि शेजारी शेजारी बसलेली माणसे तावातावाने बोलू लागली. पहिला विषय आरोग्य विम्यातील सुधारणांचा होता : गोवा सरकारची 2016 ची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, केंद्राची 2018 ची आयुष्मान भारत आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील 18 टक्के जीएसटी शून्यावर येणे. दुसरा विषय असा की, दरडोई उत्पन्नात सिक्कीमबरोबर गोवा देशात आघाडीवर आहे, त्याचे श्रेय कोणत्या पक्षाच्या सरकारला द्यायचे. मी तिथे गप्प राहिलो, कारण दोन्ही विषय वेगवेगळे आहेत असेच सर्वजण धरून चालले होते, आणि मला ते एकच वाटतात.

दीनदयाळ योजना सुरू झाली तेव्हा तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे विमा कवच ठरले, आणि 447 उपचारांची यादी दरांसह निश्चित झाली. त्या वेळी राज्याचे दरडोई उत्पन्न चार लाखांच्या आत होते. आता ते पाच लाखांच्या वर आहे. उत्पन्नाचा आकडा दरवर्षी नव्याने मोजला जातो आणि अभिमानाने सांगितला जातो. कवचाचा आकडा मात्र कोणीतरी घोषणा करील तेव्हाच हलणार, अशी रचना आहे. माझे म्हणणे एवढेच की, जे सरकार वाढीचे श्रेय घेते त्याने ही मर्यादा आणि हे दर त्या वाढीशी नियमानेच बांधावेत, म्हणजे त्यासाठी कोणाला मंत्र्यांच्या दारी जावे लागणार नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या मेहुण्यांना छातीत कळ आल्यावर घराजवळच्या एका खासगी इस्पितळात नेले. त्यांचा मुलगा प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेले कार्ड घेऊन खिडकीशी उभा होता. आतल्या मुलीने अंदाजपत्रकावर पेन्सिलीने दोन ओळींना गोल केले आणि ही रक्कम पॅकेजात, म्हणजे योजनेच्या ठरलेल्या दरात, बसत नाही, असे अत्यंत सौजन्याने सांगितले. रक्कम 80 हजार होती, वार शनिवार होता, आणि आमची पतसंस्था दुपारी एकला बंद झालेली होती. तीन नातेवाइकांकडून पैसे गोळा होईपर्यंत संध्याकाळचे सहा वाजले. मेहुणे आज बरे आहेत. पण हातात कार्ड असूनही ते पाच तास गेले, ते मी विसरू शकत नाही.

म्हापसेकर

सर, तुमच्या मेहुण्यांचा अनुभव वाचून वाईट वाटले, आणि त्या पाच तासांचे समर्थन मी करणार नाही. तरीही तुमच्या मांडणीशी मी सहमत नाही.

ही योजना आली तेव्हा आयुष्मान भारतला आणखी दोन वर्षे अवकाश होता. आयुष्मानची मूळ यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवर बेतलेली होती, म्हणजे त्या यादीत नाव असेल तरच लाभ मिळत होता. 70 वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता तिचे दार उघडले ते ऑक्टोबर 2024 मध्ये. दीनदयाळला मात्र पहिल्या दिवसापासून उत्पन्नाची अट नव्हती, पाच वर्षांचे वास्तव्य पुरेसे होते. शिवाय आयुष्मानमध्ये केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 असे वाटे आहेत, तर दीनदयाळचा भार राज्याने आपल्या तिजोरीतून उचलला. भाजपचे लक्ष्मीकांत पार्सेकर मुख्यमंत्री असताना हा निर्णय झाला आणि पुढच्या सरकारांनी तो टिकवला. याचे श्रेय द्यायला आपण इतके का कचरतो?

वाढीचेही तसेच आहे. मोपाच्या विमानतळाला केंद्राची मंजुरी 2000 साली मिळाली होती, पण पायाभरणी व्हायला 2016 साल आणि उद्घाटनाला 11 डिसेंबर 2022 ही तारीख उजाडावी लागली. मधल्या वर्षांत कागद होता, धावपट्टी नव्हती. आज पेडण्यातील मुले तिथे नोकरीला जातात. ज्यांनी काम पूर्ण केले त्यांना श्रेय नाकारले, तर पुढे कोणते सरकार अवघड काम हाती घेईल?

मर्यादा उत्पन्नाशी बांधण्याला माझा तत्त्वतःच विरोध आहे. अंदाजपत्रक दरवर्षी विधानसभेत मंजूर होते ते याचसाठी की, त्या वर्षी पैसा कुठे लावायचा हे निवडून दिलेल्या माणसांनी ठरवावे. आपोआप वाढणारा खर्च त्यांच्या हातातून तो निर्णय काढून घेतो.

सत्तरीचा ट्रकमालक

दोघांचेही वाचले. गोव्याच्या वाढीबद्दल बोलताना खाणीचा शब्दही कोणी काढू नये, याचे आम्हा खाण अवलंबितांना फार वाईट वाटते.

2010-11 मध्ये गोव्यातील बंदरांतून 5 कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. तेव्हा माझे दोन ट्रक दिवसरात्र चालत होते, रस्त्याकडेच्या घरांची कौले लाल धुळीने माखलेली असत आणि राज्याचे उत्पन्न चढत होते. ती चढ कोणा मुख्यमंत्र्याने आणली नव्हती. चीनच्या पोलाद कारखान्यांना आपले कमी प्रतीचे खनिजही हवे होते, म्हणून ती आली. 2012 च्या सप्टेंबरात राज्याने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, आणि 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 लिजांचे (खाणपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्चमध्ये पुन्हा सारे बंद झाले. ही मनमानी लूट होती असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. आमच्या ओढ्यांत काय उतरले ते मी पाहिले आहे. पण ती वाढ कोणाच्या बळावर होती आणि घसरण कोणी सोसली, हे श्रेय वाटणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आता विम्याकडे येतो. दुसऱ्या बंदीनंतर मी घरच्यांची खासगी पॉलिसी सोडून दिली, कारण हप्ता भरायचा की ट्रकचे कर्ज फेडायचे, असा प्रश्न होता. त्यानंतर बायकोच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया दीनदयाळ कार्डावर झाली, एक पैसाही लागला नाही. म्हणून त्या योजनेचे श्रेय द्यायला मी म्हापसेकरबाबांच्या बाजूने उभा आहे. पण सर, मर्यादा उत्पन्नाशी बांधली, तर 2012 सारख्या वर्षी ती खालीही येणार का? ज्या वर्षी उत्पन्न घसरते, त्याच वर्षी माणसाला कार्डाची गरज जास्त असते.

कुर्टीचा शिक्षक (फोंडा)

भाऊ, तुमचा आक्षेप मला मान्य आहे आणि माझ्या मांडणीतील ती उणीव होती. उत्पन्न वाढेल त्या वर्षी मर्यादा वाढावी, घटेल त्या वर्षी आहे तिथेच राहावी, अशी दुरुस्ती करतो.

म्हापसेकरबाब, मोपाच्या उदाहरणात 2000 सालची मंजुरी आणि 2022 चे उद्घाटन या दोन्ही तारखा तुम्हीच दिल्या आहेत. मधली अनेक वर्षे राज्यात काँग्रेसचे सरकार होते आणि भूसंपादन, सुनावण्या, विरोध हे सारे त्याच काळात सुरू होते. जीएसटीचे पाहा. जुलै 2017 पूर्वी विम्याच्या हप्त्यावर उपकरांसह 15 टक्के सेवाकर होता. तो 18 टक्के झाला जीएसटीमुळेच. नितीन गडकरी यांनी जुलै 2024 मध्ये आणि पाठोपाठ ममता बॅनर्जी यांनी कर काढण्यासाठी अर्थमंत्र्यांना पत्रे लिहिली, सप्टेंबर 2024 मध्ये मंत्रिगट नेमला गेला, आणि 3 सप्टेंबर 2025 रोजी सर्व राज्ये बसतात त्या परिषदेने निर्णय घेतला. कर काढल्याचे श्रेय ज्यांना हवे, त्यांनी आठ वर्षे तो घेतल्याचेही उत्तर द्यायला हवे.

विमा सल्लागार (मडगाव)

मी 19 वर्षे हा व्यवसाय करते, त्यामुळे जीएसटीबद्दल जे रोज पाहते ते लिहिते. ज्या कुटुंबाचा मूळ हप्ता 30 हजार होता, त्याला पूर्वी 5,400 रुपये कर धरून 35,400 भरावे लागत. आता नूतनीकरणाच्या पत्रात कराच्या रकान्यात शून्य येते आणि ते पाहून आजी-आजोबांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते खरे आहे. पण त्याच पत्रात वय वाढल्यामुळे मूळ हप्ताही वाढलेला असतो, आणि कंपन्यांना पूर्वी आपल्या खर्चावरील कराची जी वजावट मिळे ती आता मिळत नाही, त्यामुळे तो बोजा कुठे ना कुठे उतरतो. आणखी एक गोष्ट म्हणजे ही माफी वैयक्तिक पॉलिसींना आहे. वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यांत कामगारांसाठी जी सामूहिक पॉलिसी असते, तिच्यावर 18 टक्के कायम आहे.

माझ्या मते खरी सुधारणा करमाफीच्या आधी, 2024 मध्ये झाली आणि तिचे श्रेय कोणताच पक्ष मागत नाही, कारण ती विमा नियामकाच्या परिपत्रकांतून आली. आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबण्याची कमाल मुदत चार वर्षांवरून तीन वर्षे झाली, रोकडविरहित उपचाराच्या विनंतीवर एका तासात निर्णय देणे बंधनकारक झाले, आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी असे ठरले. जानेवारी 2025 मध्ये ज्येष्ठांचा हप्ता नियामकाच्या परवानगीशिवाय वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवण्यासही मनाई झाली.

सर, तुमच्या सूचनेला मात्र माझा विरोध आहे. कवच वाढले की बिल वाढते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एकच शस्त्रक्रिया, तीन लाखांची पॉलिसी असलेल्याला एक आकडा आणि दहा लाखांची असलेल्याला दुसरा. तुमच्या मेहुण्यांची अडचण चार लाखांच्या मर्यादेमुळे झाली नव्हती, ती यादीतल्या दरामुळे झाली. मर्यादा दुप्पट केली असती, तरी त्या दोन ओळी पॅकेजाबाहेरच राहिल्या असत्या.

निवृत्त परिचारिका (डिचोली)

ताईंनी दराचा मुद्दा नेमका मांडला. मला मात्र या सगळ्या चर्चेत कार्ड फार आणि इस्पितळ कमी दिसते.

डिसेंबर 2018 मध्ये राज्यात स्टेमी, म्हणजे हृदयविकाराच्या तीव्र झटक्यावर तातडीने उपचार करण्याचा प्रकल्प सुरू झाला. एका पहाटे आमच्याकडे पन्नाशीचा एक बागायतदार आला, घामाने सदरा चिंब झालेला, डावा हात चोळत होता. ईसीजी काढला, बांबोळीच्या गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या) हृदयरोगतज्ज्ञांकडे तो मोबाइलवरून गेला, उलट निरोप आला आणि गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन आम्ही तिथेच दिले, मग 108 रुग्णवाहिकेतून त्याला बांबोळीला पाठवले. त्याच्याकडे कोणते कार्ड आहे, हे कोणी विचारलेही नाही. पॅकेज, मंजुरी, अनामत यांतला एकही शब्द उच्चारावा लागला नाही. उपचार मोफत असणे आणि उपचारांचा विमा असणे यांत हा फरक आहे.

श्रेयाचेच म्हणाल, तर 108 ची सेवा गोव्यात 2008 मध्ये सुरू झाली. तेव्हा काँग्रेसचे सरकार होते आणि विश्वजित राणे आरोग्यमंत्री होते. आज भाजपचे सरकार आहे आणि त्याच खात्याचे मंत्री तेच आहेत. बांबोळीचे मूळ तर 1842 च्या पोर्तुगीज काळातील वैद्यकीय शाळेपर्यंत जाते. आम्ही रात्रपाळी करणाऱ्यांनी इतकी सरकारे पाहिली की, कोणाचा फलक कोणत्या भिंतीवर होता हे आता आठवत नाही. रात्री ईसीजी काढायला तंत्रज्ञ होता की नव्हता, हे मात्र आठवते. वाढलेले उत्पन्न कशाशी बांधायचेच असेल, तर आरोग्य केंद्रांतील रिकाम्या जागा भरण्याशी बांधा.

म्हापसेकर

सिस्टर, स्टेमीचे उदाहरण निरुत्तर करणारे आहे, पण तो प्रकल्पही कोणत्यातरी सरकारनेच मंजूर केला, त्याला निधी दिला आणि चालू ठेवला. सर्व काही सर्वांनी केले असे म्हटले, की वाईट कामाचा दोषही कोणावर ठेवता येत नाही, हे तुम्हीही मान्य कराल. ताईंचे दराबद्दलचे म्हणणे मला पटते. उपचारांच्या दरांचा आढावा दरवर्षी ठरलेल्या महिन्यात घ्यावा आणि तो विधानसभेपुढे ठेवावा, याला माझी हरकत नाही. आपोआप वाढीला मात्र आहे.

कुर्टीचा शिक्षक (फोंडा)

मग आपल्यातले अंतर बरेच कमी झाले. मर्यादेचा आग्रह मी मागे घेतो, दरांचा घेत नाही. येत्या ग्रामसभेत मी असा ठराव मांडणार आहे की, दीनदयाळ योजनेच्या दरांचा आढावा दरवर्षी अंदाजपत्रकाआधी घ्यावा, पॅकेजाबाहेर आकारलेली प्रत्येक रक्कम इस्पितळाने कारणासह सरकारला कळवावी, आणि त्यांचा तालुकावार तपशील लोकांसाठी प्रसिद्ध व्हावा. ही तिसरी मागणी तुम्हाला कितपत मान्य आहे, तेवढे कळवा. वाढीच्या श्रेयाबद्दल आपले मत जुळणार नाही, ते राहू द्या.

म्हापसेकर

तिसरी मागणी मान्य आहे. त्यात सरकारी इस्पितळांत बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधांचाही समावेश करा, म्हणजे मी आमच्या बाजूच्या पंचायतीतही तो ठराव मांडायला सांगेन.

सत्तरीचा ट्रकमालक

ताई, एक विचारायचे राहिले. आता कर नाही म्हणता, तर पुन्हा खासगी पॉलिसी घ्यावी असे मनात आहे. वय 58 आहे आणि चार वर्षांपासून मधुमेहाची गोळी चालू आहे. देतील का?

विमा सल्लागार (मडगाव)

भाऊ, अर्ज जरूर करा. 65 वर्षांपुढे नवी पॉलिसी नाकारण्याची जुनी अट एप्रिल 2024 पासून राहिलेली नाही आणि तुम्ही तर त्याच्याही आतले आहात. तरी तुमच्या प्रकृतीचे कागद पाहून होकार किंवा नकार देण्याचा अधिकार कंपनीला आहे. मधुमेह अर्जात स्वतःच्या हाताने स्पष्ट लिहा, गोळीचे नावही लिहा. लपवलेला आजार पाच वर्षांच्या आत उघडकीस आला, तर दावा तिथेच अडतो. मधुमेहाशी निगडित उपचारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागेल, आणि तोवर दीनदयाळ कार्डाचे नूतनीकरण एकाही वर्षी चुकवू नका.