आधी १६९ बघा, मग वायर बदला
ताई, मुलाने नाशिकला होस्टेलवर घरचा पीसी नेला, भिंतीतल्या पॉइंटला वायर जोडली तरी नेट येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. नवी वायर घेण्याआधी त्याला कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग ऑल' (ipconfig /all) टाइप करून बघायला सांगा. तिथला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा पीसीचा नंबर) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तो पीसीने स्वतःच घेतलाय, होस्टेलच्या सर्व्हरने दिलेला नाही. अशा वेळी बऱ्याचदा मॅक ॲड्रेस, म्हणजे पीसीच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, होस्टेलच्या ऑफिसात नोंदवायचा राहिलेला असतो.

हा मॅक ॲड्रेस तिथेच 'फिजिकल ॲड्रेस' म्हणून दिसेल, १२ अक्षरं-आकड्यांचा. वायफाय असेल तर असे दोन पत्ते असतात; नोंदवायचा तो इथरनेटचा, म्हणजे वायरच्या जोडणीचा. मी गंगापूर रोडच्या होस्टेलवर होतो तेव्हा फॉर्मवर बॉलपेनने घाईत लिहिलेला 'बी' ऑफिसात ८ वाचला गेला. चार दिवस नेट नाही, आणि प्रोजेक्टची तारीख डोक्यावर! फार हाल झाले. म्हणून सांगतो, स्क्रीनचा फोटोच दाखवायला लावा.

आणि हो, रूममेट मिळून राउटर घेणार असतील तर आधी रेक्टरना विचारू द्या. भिंतीची वायर राउटरच्या वॅन पोर्टमध्येच (बाहेरून नेट आत घेणाऱ्या) जायला हवी. चुकून लॅनमध्ये (खोलीतले पीसी जोडायच्या पोर्टमध्ये) गेली तर तो राउटर शेजारच्या खोल्यांनाही पत्ते वाटायला लागतो आणि बिचाऱ्यांचं चालू नेट बंद पडतं.

१६९ दिसलं नाही तर काय दिसतंय ते इथे लिहा, मी रात्री बघतो.