भामरागड भागात थोड्या काळासाठी दंतचिकित्सक म्हणून जाताना

प्रश्न
नमस्कार. मी नागपुरात खासगी दवाखाना चालवणारी दंतचिकित्सक आहे. पावसाळा ओसरल्यावर भामरागडच्या बाजूला एका संस्थेच्या दवाखान्यात काही आठवडे बदली डॉक्टर म्हणून जायचे ठरले आहे. रुग्ण प्रामुख्याने माडिया आदिवासी असतील आणि विजेचा भरवसा नाही, एवढेच मला कळले आहे. उपचारांची व्याप्ती कुठवर ठेवावी, सोबत काय न्यावे आणि नोंदणीचे काही वेगळे सोपस्कार असतात का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १
नोंदणीची काळजी नको. राज्य दंत परिषदेची आपली चालू नोंदणी गडचिरोलीतही पुरेशी आहे. खरा प्रश्न व्याप्तीचा आहे. जे काम एका बैठकीत पूर्ण होत नाही आणि आपण परतल्यावर पुढे नेणारे तिथे कोणी नाही, ते सुरूच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्धवट सोडलेल्या रूट कॅनालचा दात महिनाभराने सुजला, तर आलापल्ली, गडचिरोली करत नागपूर गाठायचे कोणी? त्यापेक्षा हाताच्या अवजारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर (दातात भरायचे एक सिमेंट) भरण्याची पद्धत वापरावी. तिला ड्रिल लागत नाही, वीजही नाही, आणि भूलही बहुधा लागत नाही. लहान मुलांच्या किडलेल्या दातांवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावता येते. मात्र कीड थांबली तरी डाग काळा पडतो, हे आईला आधी दाखवून मगच लावावे. निर्जंतुकीकरणासाठी स्टोव्हवर चालणारा प्रेशर कुकरच्या धाटणीचा ऑटोक्लेव्ह न्यावा. नुसत्या उकळत्या पाण्यावर विसंबू नये.

उत्तर २
वरील डॉक्टरांशी सहमत आहे, पण त्यांनी खर्र्याचा उल्लेखच केला नाही, याचे आश्चर्य वाटले. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला खर्रा आपल्या नागपुरात जसा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, तसाच तिकडच्या आठवडी बाजारातही मिळतो. २०१२ च्या गुटखाबंदीने ही सवय मोडलेली नाही. दात दाखवायला आलेल्या प्रत्येकाला त्याची तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगावे. ती जात नसतील, गाल आतून पांढरट आणि ताठ लागत असेल, तर दाताआधी तोंडाचाच विचार करावा. संशयित चट्टा किंवा न भरणारा व्रण दिसल्यास चिठ्ठी देऊन रुग्णाला मोकळे करू नये; नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा तुकडोजी कर्करोग रुग्णालयात कोणाला भेटायचे, सोबत कोण येणार, महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी कोणती कागदपत्रे लागतील, हे तिथल्या तिथे ठरवावे.
दुसरे म्हणजे सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. दात काढण्यापूर्वी त्याची तपासणी झाली आहे का, हे आवर्जून विचारावे. आजार असलेल्या रुग्णाला उपाशी, तहानलेले ताटकळत ठेवू नये. दाताच्या संसर्गानेही वेदनांचा झटका येऊ शकतो, म्हणून अशा व्यक्तीचा क्रमांक सर्वांत आधी लावावा.

उत्तर ३
दात काढण्याबाबत एक भर घालतो. शिबिरात किती दात काढले, यावर यश मोजण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. भूल दिल्यावर काय वाटेल, बोळा किती वेळ दाबून धरायचा, त्या दिवशी खर्रा का टाळायचा, हे माडिया बोलणाऱ्या आशाताईंकडून सांगून घ्यावे आणि रुग्णाने ते उलट सांगितल्यावरच त्याला घरी पाठवावे. निघताना प्रत्येक रुग्णाची नोंद मराठीत, सुवाच्य अक्षरात ठेवावी. आपल्यानंतर ती वाचणारी बहुधा परिचारिकाच असेल.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. एअरोटर (दात कोरायचे ड्रिल) नेण्याचा विचार सोडला आहे. आशाताईंशी आधी फोनवर बोलून सिकलसेलग्रस्तांची यादी मिळते का ते पाहते.