स्पेअर मॅगझिन (गोळ्या भरलेलं जादा खोकं) रोज सोबत ठेवता का? आणि गनबरोबर अजून काय काय बाळगता?

नवा_ऑस्टिनकर
नमस्कार मंडळी. ग्रीन कार्ड आल्यावर ग्लॉक १९ (पिस्तूल) घेतली, टेक्सासचं एलटीसी (गन बाळगायचं परमिट) पण झालं. (२०२१ पासून इथे परमिट लागत नाही हे माहितीये, पण दुसऱ्या राज्यांत उपयोगी पडतं म्हणून केलं.) अपेंडिक्सला (पुढे, पोटापाशी) कायडेक्स (कडक प्लास्टिक) होल्स्टर, वरून ढगळ शर्ट, इथपर्यंत सगळं जमलंय. आता प्रश्न असा की रोज सोबत अजून काय ठेवायचं? यूट्यूबवर जो तो टेबलावर दोन मॅगझिन, दोन चाकू, टॉर्च, टूर्निके (रक्त थांबवायचा पट्टा), पेपर स्प्रे, मल्टिटूल असं दुकान मांडून बसतो, आणि यांच्या पँटी वर राहतात तरी कशा हा मला पडलेला खरा प्रश्न आहे. गनमध्ये आधीच १५ राउंड (गोळ्या) आहेत, मग स्पेअर खरंच लागतं का? आणि गोळ्या कुठल्या घ्याव्यात? ऑफिसात गन चालत नाही, त्यामुळे रोज सकाळी पार्किंगमध्ये अनलोड करून गाडीत ठेवतो आणि संध्याकाळी परत लोड करतो. हे बरोबर आहे ना?

जुना_रेंजवाला
भाऊ, आधी शेवटचा मुद्दा घेतो कारण तो जास्त महत्त्वाचा आहे. रोज अनलोड-लोड करू नकोस. तोच राउंड पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, गोळी बसायच्या जागेत) गेला की दर वेळी त्याचं टोक फीड रॅम्पवर (चेंबरकडे जाणाऱ्या उतारावर) आपटतं आणि बुलेट हळूहळू केसमध्ये (धातूच्या टरफलात) आत सरकते. याला सेटबॅक म्हणतात, आणि अशा राउंडचं प्रेशर वाढतं, कधी कधी धोक्याच्या पातळीपर्यंत. बॉक्समधला कोरा राउंड शेजारी उभा करून बघ, लांबीतला फरक दिसला तर तो वापरायचा नाही. शिवाय गाडीत वाकडंतिकडं बसून गन हाताळणं हे निगलिजंट डिस्चार्जला (निष्काळजीपणे गोळी सुटण्याला) आमंत्रणच. क्लिपवालं होल्स्टर असेल तर गन आत तशीच ठेवून अख्खं होल्स्टर काढ, ट्रिगर झाकलेला राहतो, आणि सीटच्या लोखंडी फ्रेमला केबलने बांधलेल्या लॉकबॉक्समध्ये टाक. ग्लव्ह बॉक्स नको, काच फोडणारा पहिला तिथेच हात घालतो.

आता स्पेअर. सगळ्यांना वाटतं स्पेअर म्हणजे गोळ्या संपल्या तर. १५ संपायची वेळ साध्या माणसावर सहसा येत नाही. स्पेअर असतं ते मॅगझिनच दगा देतं म्हणून. सेमी-ऑटोमध्ये सगळ्यात कच्चा भाग तोच, स्प्रिंग दमते, फीड लिप्स (गोळी धरणाऱ्या वरच्या कडा) वाकतात, पडलं की बेसप्लेट (तळाचं झाकण) सुटते, नाहीतर झटापटीत रिलीज बटण दाबलं जाऊन मॅगझिनच खाली पडतं. डबल फीड झाला (दोन गोळ्या एकदम अडकल्या) तर स्लाइड (गनचा वरचा सरकणारा भाग) मागे लॉक, मॅगझिन ओढून बाहेर, स्लाइड दोन-तीनदा मागेपुढे आणि मग नवीन मॅगझिन, ही रीतच आहे, आणि दुसरं नसेल तर शेवटची पायरी जमिनीवर पडलेलं शोधण्यात जाते. त्यामुळे एक ठेव, दोन नको. भरलेलं १५चं साधारण पाव किलो होतं, डाव्या बाजूला पाऊचमध्ये, गोळ्यांची टोकं पुढे. खिशात ठेवायचं तर त्या खिशात दुसरं काहीच नको, किल्ल्या, नाणी, कापसाची लव सगळं वरच्या राउंडपाशी जाऊन बसतं. ग्लॉक १७चं मॅगझिनही १९ मध्ये चालतं, थोडं बाहेर येतं इतकंच.

गोळ्यांचं सोपं आहे. प्रॅक्टिसला ११५ ग्रेन (बुलेटच्या वजनाचं माप) एफएमजे (पूर्ण धातूचं आवरण असलेली साधी गोळी), कॅरीला म्हणजे रोज बाळगायला १२४ किंवा १४७ ग्रेनचा नावाजलेल्या कंपनीचा हॉलो पॉइंट (टोकाला खळगा असलेली, आत जाऊन पसरणारी गोळी). एफबीआयच्या जेल टेस्टमध्ये (जेलवर गोळी झाडून) १२ ते १८ इंच पेनिट्रेशन, म्हणजे गोळी किती आत जाते ते बघतात, त्यात बसणारा कुठलाही घे. पण बॉक्सवरचं वाचून सोडू नकोस, तुझ्या गनमधून, तू कॅरी करणार त्याच मॅगझिनांतून, निदान एक-दोन बॉक्स अडखळल्याशिवाय चालले पाहिजेत.

कुर्तीवाली
रेंजवाले दादा, मॅगझिनवर एवढं लिहिलंत आणि टूर्निकेवर एक ओळ नाही? आयुष्यात गोळी झाडायची वेळ येईल न येईल, पण हायवेवर अ‍ॅक्सिडेंट, स्वयंपाकघरात काच, शेडमध्ये करवत, रक्त थांबवायची वेळ येणं जास्त शक्य आहे. आणि रेंजवर जाणाऱ्या माणसाकडे तर हवंच. अस्सल सीएटी किंवा सॉफ्ट-टी टूर्निके घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या नकला पिळताना तुटतात. स्टॉप द ब्लीडचा (रक्त थांबवायला शिकवणारा) कोर्स करा, दोन-एक तासांचा असतो, बऱ्याच ठिकाणी फुकट.

बाकी बायकांसाठी लिहिते कारण हे कोणी सांगत नाही. लेगिंगला बेल्ट नसतो, म्हणून बेली बँड (पोटाला गुंडाळायचा गन ठेवायचा पट्टा), पण नुसत्या इलास्टिकचा नको, ट्रिगरवर कडक कवच असलेलाच. वरून सुती कुर्ती घातली की काही दिसत नाही, सिंथेटिक मात्र अंगाला चिकटते आणि छाप उमटते. पर्समध्ये ठेवू नका, पर्स ओढली की गनही गेली, आणि घरात लहान मूल असेल तर सोफ्यावर टाकलेली पर्स त्याला आधी सापडते. स्पेअर मॅगझिन मी ठेवत नाही, त्या जागी पेपर स्प्रे असतो. समोरचा नुसता अंगावर येतोय, शिव्या देतोय, तिथे गन काढणं कायद्यात बसेलच असं नाही, मग हातात दुसरं काहीतरी हवं ना.

काका_ह्यूस्टन
माझं मत वेगळं आहे, राग नसावा. नवीन माणसाने पहिलं वर्ष फक्त गन, चांगला कडक बेल्ट, फोन आणि छोटी टॉर्च एवढंच बाळगावं. कमरेला सामान वाढलं की महिनाभरात कंटाळा येतो आणि मग गनसकट सगळं ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं, असे आमच्या ओळखीत भरपूर आहेत. आणि टॉर्च हातातलीच हवी. गनवर लाइट असला तरी त्याने अंधारात पार्किंगमध्ये किल्ली शोधता येत नाही, कारण लाइट जिकडे तिकडे नळीचं तोंड, आणि ते कोणावर रोखणं हा गुन्हा होऊ शकतो. पेपर स्प्रेबद्दल ताईंचं पटतं. चाकू कशाला लागतो ते मला अजून कळलेलं नाही, खोकी फोडायला ठीक आहे.

नवा_ऑस्टिनकर
सगळ्यांचे आभार. रोज लोड-अनलोड बंद करतो, लॉकबॉक्स आजच मागवला. बायकोला माझी ग्लॉक जाड वाटते, ती ५ राउंडची छोटी रिव्हॉल्व्हर बघतेय. तिला स्पेअर कसं ठेवायचं?

जुना_रेंजवाला
स्पीड स्ट्रिप. गोळ्या अडकवायची रबरी पट्टी असते, चपटी, खिशात कळतही नाही. स्पीडलोडर (सगळ्या गोळ्या एकदम भरायचं साधन) पटकन भरतो पण गोल आणि फुगीर, जीन्सच्या खिशात टेकाड दिसतं. पण आधी वहिनींना रेंजवर ती रिव्हॉल्व्हर चालवून बघू दे. हलकी स्नबनोज (आखूड नळीची रिव्हॉल्व्हर) हाताला चांगलीच झटका देते आणि ट्रिगरही जड असतो. सिग पी३६५ (छोटं पिस्तूल) पण हातात घेऊन बघा, बारीक आहे आणि मॅगझिन १० चं.

मिशिगनची_पाहुणी
एक राहिलं, प्रवास. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. न्यू जर्सीत टेक्सासचं परमिट मानत नाहीत, मॅगझिन १० च्या वर चालत नाही आणि हॉलो पॉइंटवरही बंधनं आहेत, कोलोरॅडोत मर्यादा १५. विमानात गन चेक-इन बॅगेतच, अनलोड करून, कडक कुलूपबंद पेटीत आणि काउंटरवर सांगून. केबिन बॅगेत रिकामं मॅगझिनसुद्धा चालत नाही.

आणि भारतात जाताना रेंजवर नेलेली बॅग, जॅकेट, काहीही घेऊन जाऊ नका. मुंबईला स्कॅनरमध्ये एक जिवंत काडतूस दिसलं तरी आर्म्स अ‍ॅक्टखाली केस होते, मग ते चुकून राहिलं होतं हे वकील लावून कोर्टात सांगत बसावं लागतं. स्पेअर राउंड ठेवायची बॅग वेगळी, तिचा रंगही वेगळा, आणि ती घरच्यांना कोणालाही प्रवासाला द्यायची नाही.