‘हाऊ’ म्हणजे ‘कसं’ की ‘किती’? आणि ‘कितवा’चं काय?

प्रश्न (बेळगाव): पोरांना इंग्रजीतला ‘हाऊ’ म्हणजे ‘कसं’ एवढंच पाठ असतं. ‘किती वेळ’ आणि ‘किती वेळा’ दोन्हीला ‘हाऊ मेनी टाइम’ लिहितात. ‘कितवा’ला तर काय सांगायचं?

खानापूरहून: ‘हाऊ’ एकटा आला तर ‘कसं’. त्याच्या पुढ्यात विशेषण आलं की ‘किती’: हाऊ फार, हाऊ डीप. मराठीत ‘कसं’ आणि ‘किती’ वेगळे, कन्नडमध्येही ‘हेगे’ आणि ‘एष्टु’ वेगळे. म्हणून घरात कुठलीही भाषा असो, पोरं इथंच अडतात. शिवाय आपण ‘वय किती’ म्हणतो, त्यामुळं ‘हाऊ मच इज युवर एज’ होतं. इंग्रजीला तिथं विशेषणच लागतं, तेही ‘हाऊ’ला अगदी लागून: हाऊ ओल्ड आर यू.

‘वेळ’ला हाऊ लाँग. ‘वेळा’चे दोन भाग करा. आठवड्यातून किती वेळा? हाऊ ऑफन. आतापर्यंत एकूण किती वेळा? हाऊ मेनी टाइम्स, शेवटच्या ‘स’सकट. वस्तूंचंही तसंच: कुंदा (आपली बेळगावची मिठाई) वजनावर, म्हणून हाऊ मच. कुंद्याचे डबे मोजता येतात, म्हणून हाऊ मेनी.

निपाणीहून: उलटी चूकही तेवढीच होते बघा. बाजारात ‘वांगी कशी दिली?’ यातला ‘कशी’ भावाचा आहे, तिथं हाऊ मच. ‘तो दिसायला कसा आहे?’ याला ‘हाऊ डझ ही लुक लाइक’ म्हणू नये. शेवटी ‘लाइक’ असेल तर सुरुवातीला ‘व्हॉट’. ‘हाऊ डझ ही लुक’ बरोबरच आहे, पण त्याचा रोख आज चेहरा कसा दिसतोय, बरा आहे का, याकडं.

खानापूरहून: ‘कितवा’ला मात्र इंग्रजीत एकच असा रुळलेला शब्द नाही. कन्नडमध्ये ‘एष्टने’ आहे, त्यामुळं ही अडचण फक्त इंग्रजी करताना येते. वाक्यच फिरवावं लागतं. ‘खानापूर कितवं स्टेशन?’ याला ‘हाऊ मेनी स्टेशन्स आर देअर बिफोर खानापूर’ विचारायचं आणि उत्तरात एक मिळवायचा: मधे दोन, तर खानापूर तिसरं. पोरं हा एक विसरतात. ‘रांगेत माझा नंबर कितवा?’ हे त्यापेक्षा सोपं, ‘व्हॉट इज माय नंबर इन द क्यू’. आणि ‘कितवीत आहेस?’ला ‘व्हिच क्लास आर यू इन’. तिथं ‘हाऊ’ लागतच नाही.