वाडीपर्यंत हवेतून इंटरनेट न्यायचे आहे; परवाना खरोखर लागतो का?

नीरेकाठी:

नमस्कार. भोर तालुक्यातील आमच्या वाडीत मी दूध संकलन केंद्र चालवते. दुधातील फॅट आणि एसएनएफची (फॅटव्यतिरिक्तच्या घन घटकांची) नोंद संगणकावर होते, पण ती दूध संघाकडे पाठवायची तर मोबाइल घेऊन देवळामागच्या टेकाडावर चढावे लागते. ई-पीक पाहणीच्या, म्हणजे मोबाइलवरून पिकांची नोंद करण्याच्या, दिवसांत तर निम्मी वाडी त्या टेकाडावर उभी असते. बाजारगावात माझ्या दिरांचे दुकान आहे आणि तेथवर फायबर आलेले आहे. दुकानाच्या गच्चीवरून आमचे घर सरळ दिसते, अंतर साधारण चार किलोमीटर असेल. दोन्ही टोकांना एकेक अँटेना बसवून ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर जोडणी करावी, असे भाच्याने सुचवले आहे.

खात्री करून घ्यावी म्हणून मी एका सरकारी कार्यालयात गेले. हवेतून इंटरनेट न्यायचे तर दिल्लीचा परवाना लागतो, विनापरवाना यंत्र लावले तर जप्ती होते, असे तेथील कर्मचाऱ्याने सांगितले. कोणत्या कायद्याखाली, असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले नाही आणि बाहेर चहाच्या टपरीवर बसलेल्या एका गृहस्थांना भेटायला सांगितले. त्या गृहस्थांनी ‘वरचा खर्च धरून’ चाळीस हजार रुपये होतील आणि पावती मिळणार नाही, असे सांगितले.

असा परवाना खरोखर लागतो का? आणि शेजारच्या दहा-बारा घरांना हीच जोडणी थोडे पैसे घेऊन दिली तर चालेल का?

लहरींचा_अभ्यासक:

ताई, ते चाळीस हजार देऊ नका. त्या कर्मचाऱ्याने सांगितलेला नियम एके काळी खरा होता, आणि म्हणूनच तो आजही माणसाला घाबरवू शकतो.

१८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रणेचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला, तर १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते बाळगणेही गुन्हा ठरवला. घरातल्या रेडिओसाठी पोस्टात वर्षाचे पैसे भरल्याचे ज्येष्ठांना आठवत असेल. आमच्या वडिलांचे ते लायसन्सचे पुस्तक अजून कपाटात आहे, आत दरवर्षीची तिकिटे आणि त्यांवर पोस्टाचा गोल शिक्का आहे. वाय-फायचे राउटर बाजारात आले तेव्हाही कायदा तोच होता. सगळे काही मनाई, आणि सरकार सूट देईल तेवढेच मोकळे, अशी त्याची घडण.

ही सूट फार सावकाश मिळाली. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा इमारतीबाहेरच्या वापरासाठी जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि त्याच वर्षी हिमाचल प्रदेशातील धरमशाळेच्या डोंगरउतारांवर घराघरांना जोडणारे वायरलेस जाळे उभे राहिले. मात्र ५ गिगाहर्ट्झच्या बहुतांश पट्ट्याला तेव्हा फक्त इमारतीच्या आतच मुभा मिळाली, म्हणजे तेच यंत्र माजघरात कायदेशीर आणि अंगणात बेकायदा! ही अट ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने काढली आणि एकूण ६०५ मेगाहर्ट्झ घराबाहेरच्या वापरासाठीही मोकळे केले. तुमची जोडणी या पट्ट्यात बसते. यंत्राला दूरसंचार विभागाची प्रकारमान्यता असावी आणि शक्ती ठरवून दिलेल्या मर्यादेत असावी, एवढे खरेदी करतानाच दुकानदाराकडून लेखी घ्या.

निवृत्त_दूरसंचारवाला:

माझी बरीच नोकरी दूरसंचार खात्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

टपरीवरचे गृहस्थ आणि दिल्लीतील मोठी प्रकरणे यांच्यात फरक रकमेचा आहे, रीत एकच आहे. कायदा जुना, त्यात निकष अस्पष्ट, आणि कोणाला काय द्यायचे हे खुर्चीवरच्या माणसाच्या मर्जीवर. १९९६ मध्ये माजी दूरसंचारमंत्री सुखराम यांच्या घरांवर सीबीआयने छापे घातले तेव्हा सुमारे ३.६ कोटी रुपये रोख सापडले. पुढे न्यायालयांनी त्यांना एकाहून अधिक प्रकरणांत दोषी ठरवले. आम्ही तेव्हा नोकरीत होतो. दुसऱ्या दिवशी कार्यालयात कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नव्हते.

टू-जीचे, म्हणजे मोबाइल कंपन्यांना दिलेल्या परवान्यांचे, प्रकरण यापेक्षा नीट समजून घेण्यासारखे आहे. १० जानेवारी २००८ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास विभागाने पत्रक काढले आणि अर्जदारांना साडेतीनपर्यंत दिल्लीतील आपल्या मुख्यालयात, संचार भवनात, बोलावले. काही अर्जदारांचे कोट्यवधींचे डिमांड ड्राफ्ट आधीच तयार होते. अर्जांची अंतिम तारीख मागे नेऊन २५ सप्टेंबर २००७ धरण्यात आली होती, आणि देशभराच्या परवान्याची किंमत २००१ चीच, म्हणजे १,६५८ कोटी रुपये, ठेवली होती. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या नियमात प्रथम कोण आला हे ठरवणारेच दार उघडत होते. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी ते सर्व १२२ परवाने रद्द केले.

महालेखापरीक्षकांनी काढलेला सरकारच्या नुकसानीचा १.७६ लाख कोटींचा आकडा हा एक अंदाज होता. फौजदारी खटल्यात डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले, आणि सीबीआयचे अपील दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दाखल करून घेतले. त्यामुळे अमक्याने इतके खाल्ले असे मी लिहिणार नाही. पण वाटपाची पद्धत मनमानी होती, हे सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेले आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच अधिक गंभीर आहे. लाच घेणारा माणूस निवृत्त होतो, मनमानीला जागा देणारा नियम तसाच राहतो.

सातारची_वकील:

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले आहे आणि तेथे सावध राहणे आवश्यक आहे. लहरी परवानामुक्त आहेत म्हणून इंटरनेट विकण्याचा व्यवसायही परवानामुक्त ठरत नाही. स्वतःच्या केंद्रासाठी जोडणी नेणे वेगळे आणि शेजाऱ्यांकडून पैसे घेऊन ती देणे वेगळे. स्वतःसाठी नेतानासुद्धा कंपनीच्या करारात जोडणी दुसऱ्या जागेवर नेण्यास मनाई आहे का, ते दिरांना पाहायला सांगा. शेजाऱ्यांना जोडणी देताना कोणत्या वेळी कोण जोडलेले होते याची नोंद ठेवण्याची अट मला अवाजवी वाटत नाही, कारण उद्या त्या जोडणीवरून कोणी फसवणूक केली तर पोलीस प्रथम तुमच्या दारात येतील.

शेजाऱ्यांसाठी पीएम-वाणी या सार्वजनिक वाय-फायच्या योजनेचा विचार करा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. किराणा दुकान किंवा चहाची टपरी चालवणाऱ्यालाही तीत परवाना, नोंदणी आणि शुल्क यांशिवाय वाय-फाय देता येते. ग्राहकांच्या ओळखीची व हिशेबाची जबाबदारी अशा अनेक दुकानांना एकत्र सांभाळणारी नोंदणीकृत संकलक कंपनी घेते. तरीही केंद्राच्या २०१८ च्या दूरसंचार धोरणातील २०२२ पर्यंत एक कोटी हॉटस्पॉटचे लक्ष्य प्रत्यक्षात काही लाखांवरच राहिले. इंटरनेट कंपन्या अशा दुकानांना महागडी लीज्ड लाइन (व्यवसायासाठीची स्वतंत्र जोडणी) घ्यायला लावत, हे त्याचे एक मोठे कारण. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने घरगुती फायबरच्या दुपटीहून अधिक दर लावू नये असा आदेश काढला, त्यामुळे आता हिशेब जमण्याजोगा झाला आहे.

१८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा आता दूरसंचार अधिनियम, २०२३ घेत असून त्याची अंमलबजावणी जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू आहे. त्यात ‘परवाना’ जाऊन ‘प्राधिकार’ हा शब्द आला आहे. पण तपशील नियमांवर सोपवलेला असल्याने मी तूर्त समाधान मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी या लहरी सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले होते. तुमच्या वाडीचाही त्यांवर हक्क आहे. त्या कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारा: ५ गिगाहर्ट्झच्या जोडणीसाठी कोणत्या कलमाखाली, कोणत्या शुल्काचा परवाना लागतो? टपरीचा उल्लेख अर्जात करू नका.

नीरेकाठी:

सर्वांचे मनापासून आभार. अर्ज दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून रजिस्टर पोस्टाने पाठवला होता. सव्विसाव्या दिवशी उत्तर आले. ‘सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’, एवढे एकच वाक्य आणि खाली सही-शिक्का. म्हणजे परवाना देणे ज्यांच्या हातात नव्हतेच, त्यांच्या नावाने चाळीस हजार मागितले गेले होते. वाडीतील आणखी दोघांकडून शेततळ्याच्या कामासाठी त्याच टपरीवर पैसे घेतले गेल्याचे आता कळले आहे. त्यांची तयारी झाली, तर तिघे मिळून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार देणार आहोत.

कंपनीची लेखी संमती मिळाल्यावर भाच्याने रविवारी दोन्ही अँटेना बसवल्या. आंब्याची एक फांदी आड येत होती, ती छाटावी लागली. आज सकाळचे दूध मोजून होताच नोंद केंद्रातूनच संघाकडे गेली. पीएम-वाणीच्या संकलक कंपनीशी बोलणे सुरू आहे. त्यांचा करार आला की येथे मांडते; सातारच्या ताईंनी तो एकदा नजरेखालून घालावा, ही विनंती.