चढावर जोर दिला की चेन उडी मारते, घरीच दुरुस्त करायची आहे, मदत हवी

कोथरूडचा_चढ
रविवारी सिंहगडला जायचं ठरलंय आणि सायकल ऐन वेळी त्रास देतेय. चढावर उभं राहून पॅडल मारलं की खट्ट आवाज होऊन चेन उडी मारते आणि पाय एकदम खाली जातो. परवा चांदणी चौकाकडे चढताना तोल जाता जाता राहिला, मागे पीएमटीची बस होती. सपाटीवर काही होत नाही. मागच्या डिरेलरचे (गियर बदलताना चेन सरकवणारा भाग) दोन्ही स्क्रू फिरवून झाले, फरक शून्य. दुकानात टाकली तर रविवारच्या आत मिळणार नाही. ॲलन कीचा सेट, पाने, पकड घरी आहे. नक्की काय करू? लवकर सांगा.

पाना_पकड
सायकल कोणती? गियर किती? कोणत्या गियरला उडते? चेन किती जुनी? एवढं कळल्याशिवाय सगळे अंदाजच होतील.
आणि ते दोन स्क्रू आधी जिथे होते तिथे आणा. एच आणि एल स्क्रू चेन दोन्ही टोकांना कुठवर जाऊ शकते तेवढंच ठरवतात. एल जास्त सैल झाला तर चेन मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चक्रावरून थेट स्पोकमध्ये पडते, आणि चढावर तोच गियर लागतो.

पाव_फेरी
इंडेक्सिंग, म्हणजे प्रत्येक गियरला चेन नेमक्या चक्रावर येण्याची जुळणी, बिघडलंय, दुसरं काही नाही. केबल सैल झाली की हेच होतं. डिरेलरमध्ये केबल शिरते तिथे गोल नॉब असतो. चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरत असेल तर नॉब घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी, लहानावर उतरत नसेल तर सुलट. एका वेळी पाव फेरीच. माझ्या सायकलला दर पावसाळ्यानंतर एवढंच करावं लागतं.

जुना_पुणेकर
पुण्यात प्रत्येकाने पंक्चर तरी घरी काढायला शिकलंच पाहिजे. ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघा, जागा कोरडी करून पॉलिशपेपरने घासा, सोल्युशन लावा आणि ते पूर्ण वाळू द्या. बहुतेकांना इथेच घाई होते. मग पॅच दाबा. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, बाभळीचा काटा तसाच असला तर पाच मिनिटांत पुन्हा पंक्चर.

कोथरूडचा_चढ
काका, पंक्चर नाहीये, चेन उडतेय.
गियरचीच आहे, एकवीस, डिस्कब्रेक. नॉब फिरवून पाहिला, गियर व्यवस्थित पडतात. जोर दिला की मगच उडते.

चकचकीत
चेनवर डब्ल्यूडी-४० मारा, मोकळी होईल.

पाना_पकड
कृपा करून हे करू नका. त्याने रोलरच्या (चेनच्या पिनेभोवतीची बारीक नळी) आतलं तेल धुऊन निघतं आणि चेन कोरडी पडते. फवारा डिस्कवर उडाला तर ब्रेक धरत नाहीत, पॅडही बहुधा बदलावे लागतात. सिंहगड उतरताना ब्रेक हवेत की नकोत? चेन रॉकेलच्या फडक्याने पुसा, वाळू द्या, प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब टाका आणि बाहेरचं तेल पुसून काढा. बाहेर राहिलेल्या तेलाला धूळ चिकटते.

चकचकीत
मी कायम वापरतो, काही होत नाही. गंज तरी जातो.

पाना_पकड
गंज जातो हे मान्य. पण नंतर तेल घालावंच लागतं. धागाकर्ते, चेन किती जुनी ते अजून सांगितलं नाहीत.

कोथरूडचा_चढ
चेन नवीनच आहे. दिवाळीत दुकानातून बदलून घेतली. म्हणून तर लिहिलं नाही.

पाना_पकड
मग उत्तर इथेच आहे. दुकानदाराने मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा चक्रांचा संच, जुनंच ठेवलं ना? जुनी चेन आणि फ्रीव्हील एकमेकांबरोबर झिजतात, म्हणून तोवर चालून जातं. त्याच झिजलेल्या दातांवर नवी चेन नीट बसत नाही आणि जोर आला की वर चढते. जुनी चेन घरी असेल तर मोजा. नव्या चेनच्या चोवीस कड्या, पिनेपासून पिनेपर्यंत, बरोबर 12 इंच भरतात. एक सोळांश इंच जास्त भरली की चेन बदलायची. एक अष्टमांश जास्त भरेपर्यंत वापरत राहिलात तर फ्रीव्हीलही गेलंच म्हणून समजा.

पाव_फेरी
एवढ्यात खर्चात पाडू नका त्यांना. सायकल उजव्या बाजूला पडली असेल तर हँगर (डिरेलर फ्रेमला जिथे लावलेला असतो ती पट्टी) वाकलं असेल. मागून बघा, डिरेलर चक्रांना समांतर उभा दिसायला हवा.

पाना_पकड
हँगर वाकलं तर गियर नीट पडत नाहीत, आणि ते पडतात असं त्यांनीच लिहिलंय. कोणत्या चक्रांवर उडते ते बघा. ठरावीक दोन-तीनवरच उडत असेल तर झीज. सगळ्याच चक्रांवर उडत असेल तर पुढचं चक्र किंवा चेनमधली अडकलेली कडी.

जुना_पुणेकर
बिनगियरच्या सायकलीला हे काहीच नसतं. आम्ही त्याच सायकलींवर कॉलेजला जायचो, रस्ते सायकलींनी भरलेले असायचे. आता सायकल ट्रॅक आहेत पण त्यावर दुचाक्या उभ्या. मला याचं खरंच वाईट वाटतं.

कोथरूडचा_चढ
पाहिलं. मागच्या मधल्या दोन चक्रांवरच उडते, सर्वांत मोठ्यावर अजिबात नाही. त्या दोघांचे दात एका बाजूला झुकलेत. फ्रीव्हील घरी निघेल?

पाना_पकड
निघेल, पण पुलर (फ्रीव्हीलच्या खोबणीत बसवून ते फिरवून काढायचं हत्यार) हवा. नाना पेठेत फ्रीव्हील आणि पुलर दोन्ही मिळेल. जुनं चाक सोबत न्या, म्हणजे पुलर तिथेच बसवून बघता येईल. सात चक्रांचं असेल तर सातचंच घ्या.
चाक काढा, पुलर खोबणीत पूर्ण बसवा आणि चाकाच्या आसाच्या नटाने हलका धरून ठेवा, नाहीतर निसटून खोबण खराब होते. मोठा पाना घड्याळाच्या उलट दिशेने. पॅडल मारून मारून ते घट्ट झालेलं असतं, जोर लागेल. सुटलं की नट सैल करायला विसरू नका. नसेल सुटत तर शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याच्या व्हाइसमध्ये (टेबलावरचा शिकंजा) पुलर धरा आणि चाक फिरवा. नवं लावताना आट्यांना ग्रीस लावा आणि हातानेच सरळ फिरवत न्या. तिरकं चढलं तर हबचे आटे जातात. जास्त आवळायची गरज नाही, चालवताना आपोआप घट्ट होतं.

पाव_फेरी
आणि नवं बसवल्यावर इंडेक्सिंग पुन्हा बघावं लागेलच.

कोथरूडचा_चढ
उद्या नाना पेठेत जातो. पुढच्या मधल्या चक्राचे दातही थोडे झिजल्यासारखे वाटतात, तेही आत्ताच बदलू का?

पाना_पकड
नको. आधी फ्रीव्हील बदलून चांदणी चौकाचा चढ चढून बघा. मग पुढच्या मधल्या चक्रावरच उडाली तर फोटो टाका. शनिवारपर्यंत पुलर नाही मिळाला तर पुढचं लहान आणि मागचं सर्वांत मोठं लावून, बसूनच चढा.