मदत हवी आहे: स्विफ्ट खाली घेतली, पण नाक वर आणि बूड खाली. पुढची उंची बसत का नाही?

वाईकर_स्विफ्ट

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची स्विफ्ट झेडएक्सआय, पेट्रोल, ८१ हजार किमी. टायर कंपनीच्या मापाचेच, १८५/६५ आर १५.

आधी हे का केलं ते सांगतो. आम्ही वाईत राहतो आणि आईला दर आठवड्याला पाचगणीला न्यावं लागतं. पसरणी घाटाच्या वळणांवर गाडी झुलली की मागे बसलेल्या आईला मळमळतं. शॉकअप बदलायला आलेच होते. तेव्हा नवे शॉकअप आणि सोबत जरा कडक, ३५ मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा टाकाव्यात असं ठरवलं. पुण्यातल्या एका दुकानातून चारही घेतल्या आणि तिथेच बसवून घेतल्या.

झुलणं खरंच कमी झालं. पण गाडी उभी केली की बूड टेकल्यासारखी दिसते आणि पुढचं नाक वर. मडगार्डची कड ते चाकाचा मध्य अशी मापं घेतली. काम करण्याआधी पुढे डावीकडे ३७८ आणि उजवीकडे ३७६ मिमी होती, मागे ३८४ आणि ३८३. आता बारा दिवस आणि ६०० किमी झाल्यावर पुढे ३६१ आणि ३६६, मागे ३४७ आणि ३४६. म्हणजे मागची बाजू जवळपास सांगितल्याइतकी, ३७ मिमी उतरली, पुढे मात्र डावीकडे १७ आणि उजवीकडे फक्त १०.

दुकानदार म्हणतो, "महिनाभर चालवा, बसेल." इथला मेकॅनिक म्हणतो, पुढच्या स्प्रिंगचा अर्धा वेढा कापून देतो, तासाभराचं काम. मला दोन्ही पटत नाही. शिवाय रात्री घाटात समोरून येणारे सारखे अप्पर-डिप्पर मारतात, मी डिपरवर असूनही. त्याचा याच्याशी संबंध आहे का? कुठून सुरुवात करू?

पाना१४

पहिली गोष्ट, वेढा कापू देऊ नका. स्प्रिंग कापली की ती कडक होते, टोक सीटमध्ये, म्हणजे स्प्रिंग ज्या वाटीत बसते तिथे, नीट बसत नाही, आणि चाक पूर्ण लटकलं की स्प्रिंग सैल पडून जागेवरून सरकू शकते. घाटातल्या गाडीला तर नाहीच नाही. गॅसने तापवून बसवणारेही भेटतील, त्यांनाही नाही म्हणा. तापवलेल्या जागी स्प्रिंगचं पाणी उतरतं, म्हणजे ती मऊ पडते.

मापं चाकाच्या मध्यापासून घेतलीत हे फार चांगलं केलंत. बरेच जण जमिनीपासून मोजतात, मग टायरमधली हवाही त्यात येते. तरी तीन गोष्टी विचारतो. मापं घेतली ती जमीन समतल होती का? जॅकवरून उतरवल्यावर गाडी दहाएक मीटर पुढे-मागे ढकलून मग मोजली का? आणि बंपस्टॉपचं, म्हणजे शॉकअप पूर्ण दबायच्या आधी टेकणाऱ्या रबरी ठोकळ्याचं, काय केलं?

ढकलायचं कारण असं. जॅकवर चाकं लटकतात तेव्हा ती आत ओढली जातात. खाली टेकल्यावर टायरला बाहेर सरकायचं असतं, पण रबर जमिनीला धरून ठेवतं आणि गाडी उगाच उंच उभी राहते. चाक फिरलं की ते मोकळं होतं.

वाईकर_स्विफ्ट

धन्यवाद दादा. मापं घरासमोरच्या उतारावर घेतली होती, ती चूक. आज जवळच्या मंगल कार्यालयाच्या फरशीवर गाडी नेली. गवंड्याकडची पाण्याची नळी आणून चारही चाकांखालची पातळी बघितली, २ मिमीच्या आत आहे. हवा सारखी केली, टाकी अर्धी, गाडीत कोणी नाही. ढकलून, बोनेट आणि डिकीवर दोन-दोनदा दाबून मोजलं: पुढे ३६० आणि ३६५, मागे ३४७ आणि ३४६. फरक जवळपास तेवढाच राहिला.

बंपस्टॉपबद्दल दुकानात विचारलं तर कापलेले नाहीत म्हणाले.

रानवाट

मग आधी गाडी बंपस्टॉपवरच टेकून उभी आहे का ते बघा. तसं असेल तर स्प्रिंग कितीही चांगली असो, खाली येणार नाही, आणि प्रत्येक खड्ड्यात थेट धक्का बसेल. पुढचं चाक वळवून शॉकअपच्या दांड्यावरचं धुळीचं बूट वर सरकवा. बंपस्टॉपचं टोक आणि शॉकअपचं डोकं यांत किती जागा आहे ते दिसेल. दांड्यावर एक बारीक केबल टाय हलकासा बांधून डोक्यापर्यंत खाली सरकवून ठेवा आणि घाटात एक फेरी मारा. टाय कुठवर गेला तेवढा शॉकअप दबला.

आणि "बसेल" या उत्तरावर महिना घालवू नका. चांगली स्प्रिंग कारखान्यातच दाबून बसवलेली असते. नंतर दोन-चार मिमी उतरेल, अठरा नाही.

वाईकर_स्विफ्ट

बघितलं. उभ्या गाडीत दोन बोटं जागा आहे, दोन्हीकडे. घाटात फेरी मारली, टाय बंपस्टॉपच्या जवळ गेला पण टेकला नाही. म्हणजे ते कारण नाही.

कोल्हापूरकडचा

माझं गॅरेज आहे, अशा गाड्या बऱ्याच हातून गेल्यात. तुमच्या गाडीत मला दोन वेगळे प्रश्न दिसतात. ते एकत्र धरले तर गोंधळ होईल.

एक म्हणजे डाव्या-उजव्यातला ५ मिमी फरक. पुढच्या स्प्रिंगचं खालचं टोक सीटमधल्या खाचेच्या पायरीला टेकलेलं असावं लागतं. ते पायरीपासून मागे राहिलं किंवा पायरीवर चढलं की ती बाजू उंच राहते. बॅटरीचा उजेड पाडून बघा, चाक न काढताही दिसतं.

त्याच वेळी लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातली रबरं, बघायचे. हे बहुतेक ठिकाणी राहून जातं म्हणून जरा सविस्तर सांगतो. या बुशातलं रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर घट्ट धरली जाते, आणि आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं. पीळ शून्य कुठे? जिथे बोल्ट आवळला तिथे. तुमच्या दुकानात बहुधा ते बोल्ट सैलच केले नाहीत, कारण शॉकअप काढायला त्याची गरज पडत नाही. म्हणजे बुश अजून जुन्या उंचीवर सेट आहेत. गाडी आता खाली उभी असली तरी चारही रबरं पिळून ती वर उचलू बघतायत. थोडे मिमी त्यात जातात आणि बुश लवकर फाटतात. चाकं लटकत असताना आवळले असते तर याहून वाईट.

उपाय सोपा आहे. गाडी खड्ड्यावर किंवा अलाइनमेंटच्या रॅम्पवर चारही चाकांवर उभी हवी. बोल्ट सैल करा, गाडी दाबून-ढकलून मोकळी करा, मग स्वतःच्या वजनावर उभी असतानाच टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्यावर आवळा. मागच्या बीमच्या (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) दोन बुशांचंही तेच. घोडीवर उचलून आवळतो म्हणाला तर त्या माणसाकडून करू नका.

पण यातून सगळे अठरा मिमी निघणार नाहीत, हे आत्ताच सांगतो. दुसऱ्या प्रश्नासाठी पुढच्या स्प्रिंगवर छापलेला कोड वाचून इथे टाका, आणि डब्यावर काय लिहिलंय तेही.

चौथा_गिअर

उंचीचं काम चालू आहे तोवर दिव्यांकडे दुर्लक्ष करू नका, विनंती आहे. तुमचे आकडे मांडून बघितले. पुढे सरासरी १३.५ मिमी उतरली, मागे ३७. म्हणजे नाक मागच्यापेक्षा २३.५ मिमी वर गेलं. स्विफ्टच्या दोन चाकांतलं अंतर २४३० मिमी, तर उतार बदलला जवळपास १ टक्का. दहा मीटरवर हा फरक १० सेमीच्या आसपास येतो. डिपरचा झोत दहा मीटरवर साधारण तेवढाच खाली ठेवलेला असतो. तो सगळा गेला, झोत सरळ समोरच्याच्या डोळ्यात. पसरणीसारख्या दुहेरी घाटात वळणावर समोरचा ड्रायव्हर क्षणभर आंधळा होतो, यात त्याचाच नाही, तुमच्या आईचाही जीव आहे. स्टिअरिंगजवळच्या दिव्याच्या चकतीने आज रात्रीपासूनच झोत खाली घ्या. उंची पक्की झाल्यावर भिंतीवर मोजून नीट लावून घ्या.

वाईकर_स्विफ्ट

चकती ३ वर आणली. काल रात्री पाचगणीहून उतरलो, एकानेही दिवा मारला नाही. हे मला सुचलंच नव्हतं. मनापासून आभार.

उजव्या स्प्रिंगचं टोक पायरीपासून बोटभर मागे आहे, फोटो काढलाय. कोड वाचायला मात्र गाडी उचलावी लागेल. शनिवारी साताऱ्यात एका ओळखीच्या मेकॅनिककडे खड्डा आहे, तिथे जातो.

रानवाट

जाण्याआधी एक विचार करून ठेवा. स्विफ्टचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी, ३५ गेले की १३५ उरतो. नियमात बसणारा गतिरोधक १० सेमी उंच पण ३.७ मीटर रुंद असतो. एवढ्या पसरट गतिरोधकाचा तुमच्या दोन चाकांमध्ये फक्त साडेचार सेमीच्या आत उंचवटा येतो, काही अडत नाही. अडचण गावातल्या अरुंद, उभट गतिरोधकांची आहे. तिथे पूर्ण उंची चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, येते. पाच माणसं बसली की तर विचारूच नका. तुमच्या वाटेवर असे किती आहेत ते मोजा. जास्त असतील तर पुढे २० ते २५ मिमीच उतरवून मागची थोडी वर घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

पाना१४

विम्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबाबत कडक आहे. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. अपघातानंतर हा विषय निघू नये.

वाईकर_स्विफ्ट

शनिवारचं काम सांगतो, जरा लांब आहे.

उजवा शॉकअप काढून स्प्रिंग पायरीला टेकवली. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बोल्ट गाडी खड्ड्यावर उभी असताना सैल केले. उजवीकडचा बोल्ट सुटला तेव्हा पुढचा भाग किंचित खाली गेलेला आम्ही दोघांनी डोळ्यांनी बघितला. ढकललं, दाबलं, टॉर्क पान्याने आवळलं. मग मोजलं: पुढे ३५७ आणि ३५७. डावं-उजवं एक झालं! पण उतरली सरासरी २० मिमी, १५ अजून बाकी.

डब्यावर पुढच्या स्प्रिंगसाठी दोन कोड छापलेले आहेत. माझ्या स्प्रिंगवर त्यातला दुसरा आहे. त्याच्यापुढे डब्यावर "डिझेल" लिहिलंय.

कोल्हापूरकडचा

मला हीच शंका होती. १.३ डिझेल स्विफ्ट पेट्रोलपेक्षा सुमारे शंभर किलो जड, आणि त्यातला बहुतेक भार इंजिनाचा, म्हणजे पुढच्या चाकांवर. एका चाकामागे चाळीसएक किलो धरा. स्प्रिंग मिमीला अडीच किलो घेणारी असेल तर चाळीस किलो कमी पडल्यावर गाडी १६ मिमी वर राहणार. तुमचे बाकीचे १५ इथे आहेत. मागच्या स्प्रिंगा दोन्ही गाड्यांना चालत असाव्यात, म्हणून मागचं माप बरोबर आलं.

स्प्रिंग खराब नाही, तुमच्या गाडीची नाही. महिनाभर काय, वर्षभर चालवली असती तरी बसली नसती. डब्याचा आणि कोडचा फोटो घेऊन दुकानात जा, शांतपणे दाखवा आणि पेट्रोलचा संच मागा. आणि बदलताना बुशांचे बोल्ट पुन्हा सैल करायला विसरू नका, उंची बदलली की जुनं आवळणं बाद.

वाईकर_स्विफ्ट

आठ दिवसांनी लिहितोय. दुकानदाराने फोटो बघितल्यावर वाद घातला नाही, संच बदलून दिला. मजुरी मात्र पुन्हा माझी, आणि ते मला लागलं. पण काम माझ्यासमोर साताऱ्यातच करून घेतलं, सगळं गाडी वजनावर असताना.

आताची मापं: पुढे ३४२ आणि ३४१, मागे ३४६ आणि ३४६. पुढे ३६ आणि ३५ उतरली, मागे ३८ आणि ३७. नाक वर दिसत नाही. त्यानंतर अलाइनमेंट केलं, टो (पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप) बराच हललेला होता, तो नीट केला. दिवे दहा मीटरवरच्या भिंतीवर मोजून लावले, चकती पुन्हा शून्यावर आली. विम्याला मेल पाठवलाय.

रानवाट, तुमच्या सांगण्यावरून वाटेतले गतिरोधक मोजले. वाई ते पाचगणीत अडचणीचे दोन, ते मी तिरपे आणि सावकाश घेतो. चेंबर टेकला नाही. पण अजून पाच माणसं घेऊन गेलेलो नाही.

काल आईला नेलं. वर पोहोचल्यावर ती म्हणाली, आज खिडकी उघडावी लागली नाही.

येत्या रविवारी आत्या आणि काका येतायत, मागची सीट भरणार. मागच्या बंपस्टॉपच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावून ठेवलाय, परत आल्यावर वरच्या बाजूला डाग दिसतो का बघतो. डाग पडला तर मागे थोड्या उंच स्प्रिंगा घ्यायच्या की शॉकअपचं बघायचं, ते इथेच विचारेन.

पाना१४

ठिपका दोन्ही बाजूंना लावा आणि डाग किती रुंद उमटला तेही मोजून ठेवा. नुसता टेकलाय की दाबला गेलाय ते रुंदीवरून कळेल. आणि रविवारी निघण्यापूर्वी मागच्या टायरची हवा पूर्ण भाराच्या आकड्यावर घ्या, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो.